पंख्याची मोटर पटकन ऐकत नाही: ईएससी कोणता घ्यावा?

प्रश्न: प्रकल्पासाठी ॲक्रिलिकच्या उभ्या नळीत टेबल टेनिसचा चेंडू हवेच्या झोतावर ठरावीक उंचीला धरायचा आहे. खाली ५० मिलिमीटरचा ब्रशलेस डक्टेड पंखा, मॉडेल विमानाचा ३० अँपिअरचा ईएससी (ब्रशलेस मोटरचा वेग ठरवणारं सर्किट), आर्डुइनो उनो हा कंट्रोलर बोर्ड आणि १२ व्होल्टचा एसएमपीएस (घरच्या विजेवर चालणारा डीसी सप्लाय) आहे. चेंडू वर झटकन जातो, खाली यायला मात्र वेळ लावतो आणि वरखाली होत राहतो. पीआयडीचे (उंचीतल्या चुकीनुसार पंख्याचा वेग ठरवणाऱ्या सूत्राचे) आकडे बदलून पाहिले. जास्त अँपिअरचा ईएससी घेऊ का?
— विद्यार्थी, डोंबिवली

उत्तर: नको, अँपिअर वाढवल्याने चपळाई येत नाही. पंख्यावर लिहिलेल्या कमाल करंटपेक्षा २५-३० टक्के जास्त, एवढं पुरे.

दोष वेग उतरण्यात आहे. विमानाच्या ईएससीत थ्रॉटल (मोटरला दिलेला वेगाचा हुकूम) ६० वरून ३० टक्क्यांवर आणला की मोटर नुसती मोकळी सुटते आणि पाती हवेच्या विरोधाने हळूहळू मंदावतात. त्यातली ‘ब्रेक’ सेटिंग फक्त थ्रॉटल शून्यावर गेल्यावर लागते, तुमच्या कामाची नाही. ड्रोनचा बीएलहेली-एस फर्मवेअरचा (ईएससीच्या आतल्या प्रोग्रॅमचा) ईएससी घ्या, त्यात थ्रॉटल कमी होताच मोटरला ब्रेक लागतो. लॅमिंग्टन रोडवर मागताना ‘ड्रोनचा, बीएलहेली-एस, सुटा’ (एकाच मोटरचा) असं स्पष्ट सांगा, नाहीतर हाती पुन्हा विमानाचाच पडेल.

दुसरा उशीर सिग्नलचा. आर्डुइनोची सर्व्हो लायब्ररी २० मिलिसेकंदांनी एकदा पल्स देते. ती काढून टाका (टायमर १ तीच वापरते) आणि पिन ९ वर वनशॉट १२५ (ईएससीसाठीचा आखूड, जलद पल्सचा सिग्नल) तयार करा: टायमर १ फास्ट पीडब्ल्यूएम मोड १४ मध्ये, प्रीस्केलर ८, आयसीआर१ = १९९९. मग एक टिक अर्ध्या मायक्रोसेकंदाची होते. पल्सची लांबी ठरवणारं रजिस्टर ओसीआर१ए २५० म्हणजे १२५ मायक्रोसेकंद, किमान थ्रॉटल. ५०० म्हणजे २५० मायक्रोसेकंद, कमाल. सेकंदाला हजार पल्स जातात. पहिल्यांदा थ्रॉटलचं कॅलिब्रेशन करून घ्या, म्हणजे ईएससीला किमान आणि कमाल पल्स ओळखायला लावा.

आता धोक्याची गोष्ट, ती नीट वाचा. ब्रेक लागताना मोटरमधली ऊर्जा उलटी सप्लायकडे येते. बॅटरी ती सामावून घेते. एसएमपीएसला ते जमत नाही, व्होल्टेज उसळतो आणि सप्लाय संरक्षणात जाऊन बंद पडतो किंवा ईएससीचे मॉसफेट (मोटरचा करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) जळतात. ३ सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी वापरा. ईएससीच्या बॅटरीकडच्या टोकांवर ४७० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट, लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर, त्याचे पाय शक्य तितके आखूड ठेवून सोल्डर करा. ध्रुव उलटे झाले तर तो फुटतो.

पंखा कधीच पूर्ण थांबवू नका. सेन्सर नसलेली मोटर थांबली की बॅक-ईएमएफ (फिरत्या मोटरमध्ये तयार होणारं व्होल्टेज, ज्यावरून ईएससीला तिची स्थिती कळते) नसतं, ईएससीला ती चाचपडत पुन्हा सुरू करावी लागते, आणि तेवढ्यात चेंडू तळाला जातो. ८-१० टक्क्यांची तळमर्यादा ठेवा. एकदम थ्रॉटल दिल्यावर मोटर किंचाळून अडखळली तर ईएससीच्या सेटिंगमध्ये टायमिंग एक पायरी वाढवा आणि डीमॅग कॉम्पेन्सेशन (मोटरची लय चुकू नये म्हणूनची सेटिंग) ‘हाय’वर न्या.

हेलकावे तरीही राहिले तर उंचीचा सेन्सर पाहा. एचसी-एसआर०४ या अल्ट्रासॉनिक सेन्सरला दोन मापनांत ६० मिलिसेकंद सोडावे लागतात; त्यापुढे ईएससीची सगळी चपळाई वाया जाते. व्हीएल५३एल०एक्स हा लेझर सेन्सर २० मिलिसेकंदांत माप देतो.

प्रश्न: नवा ईएससी नुसता बीप देतो, मोटर हलत नाही.
— वाचक, परळ

उत्तर: सिग्नलची ग्राउंड वायर आर्डुइनोच्या ग्राउंडला जोडली आहे का ते आधी पाहा. जोडलेली असेल तर चालू करताना किमान थ्रॉटलचा पल्स दोन-तीन सेकंद द्या. तो मिळाल्याशिवाय ईएससी सज्ज होत नाही.