लहान मुलांच्या हाती मोबाईल देताना

आपल्या चार वर्षांच्या मुलीसाठी कोणते ॲप घ्यावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते त्याआधी तिच्या शेजारी कोण बसणार हे ठरवावे, कारण या वयातले मूल पडद्यावरून एकट्याने फारसे शिकत नाही. शेजारचे मोठे माणूस बोलू लागले, विचारू लागले, की मगच पाहिलेले त्याच्या मनात रुजते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार या वयात पडद्यासमोर बसण्याचा वेळ दिवसाला एका तासाहून अधिक नसावा. कमी असल्यास उत्तमच.

'स्टोरीवीव्हर' या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा मोफत मिळतात. त्यांतली एकच उघडावी, ओळीखाली बोट फिरवत सावकाश वाचावी, चित्रात बगळा दिसला की थांबावे आणि संध्याकाळी रंकाळ्यावर गेल्यावर काठावरचा खरा बगळा तिलाच शोधू द्यावा. तो मान कशी आखडतो, पाऊल कसे उचलतो, हे ती घरी आजीला सांगू लागेल, तेव्हा तिचे कोल्हापुरी बोलणे कृपया सुधारत बसू नये, कारण त्याच बोलीत तिची भाषा वाढते आहे.

जेवताना मोबाईल नको, हे मी आग्रहाने सांगते. आपोआप सुरू होणारा पुढचा व्हिडिओही सेटिंगमध्ये जाऊन आजच बंद करावा.