साडेअकराच्या शेंगा

"मॅडम, बाकी माझं सगळं ठीक आहे. फक्त शेजारी बसणारे आवाज करतात ना, तेवढं सहन होत नाही."

हे वाक्य मी आता इतक्या जणांकडून ऐकलंय, की समोरचा माणूस अर्ध्यावर आला तरी पुढचं मला कळतं. मी लातूरला समुपदेशन सुरू केलं तेव्हा लोक यायचे ते परीक्षेची भीती, लग्न जमत नाही, सासू-सुनेचं पटत नाही, असलं काही घेऊन. आता ही एक तक्रार वाढली आहे. अभ्यासिकेत 'नीट'ची तयारी करणारा मुलगा सांगतो, मागच्या टेबलावरचा दिवसभर पेनाची टकटक करतो. बँकेतल्या बाई सांगतात, शेजारचा माणूस फोन स्पीकरवर टाकूनच बोलतो. आणि यातल्या प्रत्येकाला घरच्यांनी एकच सल्ला दिलेला असतो: कानाडोळा कर. कानाडोळा करता आला असता तर ही माणसं दहा-वीस किलोमीटर प्रवास करून माझ्यापर्यंत आलीच नसती. त्रास खरा असतो. त्याची टिंगल झाली की तो वाढतो, म्हणून आज शुभांगीबद्दल लिहिते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला तिची संमती आहे.

शुभांगी पस्तिशीची, एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात हिशोब बघते. एक हॉल, सात टेबलं, वर पंखे. तिच्या डाव्या हाताला काका बसतात, निवृत्तीला तीन वर्षं राहिलेले. रोज साडेअकराला काका ड्रॉवरमधून भाजलेल्या शेंगांची पिशवी काढतात.

"आधी पिशवीची चुरचुर," ती सांगत होती. "मग अंगठ्यात धरून कट्. मग टरफल टेबलाच्या काचेवर पडतं, त्याचा वेगळा आवाज. दाण्याचं साल काढायला तळहातावर चोळतात, फुंकतात. आणि मग..." ती थांबली. तिचा जबडा आवळला होता, बोटं पर्सच्या पट्ट्यात रुतली होती. "मग चावणं. तोंड उघडं ठेवून. मॅडम, मला वाटतं उठावं आणि ती पिशवी खिडकीतून फेकून द्यावी. मी अशी बाई नाही हो. इतका राग मला कुणाचाच येत नाही."

तिनं मोबाईल काढून आवाज मोजायचं ॲप दाखवलं. आकडा होता ५८ डेसिबल. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमध्ये व्यापारी भागासाठी दिवसाची मर्यादा ६५ आहे, तेही तिनं शोधून ठेवलं होतं. "म्हणजे नियमात बसतंय. मग माझंच डोकं बिघडलंय का?"

डोकं बिघडलेलं नव्हतं. पण आधी कान तपासून घ्यायला मी तिला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं, आणि हे मी प्रत्येकाला सांगते. अर्धशिशी, कानात गुंजणं, झोपेची मोडतोड, फार दिवसांची चिंता, यातल्या कशानंही आवाज बोचायला लागतात. तिची श्रवणचाचणी व्यवस्थित आली. ठरावीक आवाजांनी, त्यातही चावणं, नाक ओढणं, घसा खाकरणं अशा माणसाच्या आवाजांनी, एकदम राग किंवा किळस उसळते, त्याला मिसोफोनिया म्हणतात. हा शब्द २००१च्या सुमारास पहिल्यांदा वापरात आला. मानसिक विकारांच्या अधिकृत याद्यांमध्ये त्याला अजून स्वतंत्र जागा नाही, पण त्रास जगभर ओळखला गेलाय. तिला हे सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले. एवढ्या त्रासाला नाव आहे, हेच तिला पुष्कळ होतं. मला मात्र नावावर थांबायचं नव्हतं.

"घर कुठे तुमचं?" मी विचारलं.

"गंजगोलाईच्या मागं."

लातूरकरांना सांगायला नको. सोळा रस्ते जिथं येऊन मिळतात, तिथल्या गलक्यात ती लहानाची मोठी झाली आणि सासरही तिथलंच मिळालं. "झोप लागते का?"

"लागते की. सवय आहे. खाली भजनाला टाळ-मृदंग चालू असले तरी लागते."

हे वाक्य मी वहीत अधोरेखित केलं, तिला काही बोलले नाही. जी बाई टाळ-मृदंगात झोपते तिला शेंगेच्या टरफलानं घाम फुटतो. तेव्हा आवाजाचा मोठेपणा हे कारण असणं शक्य नव्हतं.

पुढच्या दोन-तीन भेटी तिनं काकांवरच घालवल्या. मी ऐकून घेतलं. मध्येच विचारलं, "तुम्ही काकांना काय सांगितलंत?"

"काय सांगणार? वडलांच्या वयाचे आहेत."

"दोन वर्षांत एकदाही नाही?"

"मी उसासे टाकते. फाइल आपटते. पंखा पाचवर करते. त्यांना कळायलाच पाहिजे ना मॅडम!"

त्यातला 'च' माझ्या कानात राहिला.

आषाढीला काका आठ दिवस रजा काढून पंढरपूरला गेले. त्यानंतरच्या भेटीला शुभांगी हसत येईल असं मला वाटलं होतं. ती आली आणि बराच वेळ बोललीच नाही. टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासचं झाकण काढत-ठेवत राहिली.

"काका नव्हते," ती म्हणाली.

"हं."

"सोमवारी साडेअकरा वाजले. मॅडम, माझे खांदे आपोआप वर गेले. आकडे लिहायचे थांबले. कान त्या खुर्चीकडं. खुर्ची रिकामी होती, मला दिसत होती रिकामी. तरी मी वाट बघायलेय. पाच मिनिटं, दहा मिनिटं." तिनं ग्लासवर झाकण ठेवलं आणि तिथंच धरून ठेवलं. "पिशवी नाही, शेंगा नाहीत, काका पंढरपूरला. मग मला त्रास कोण द्यायलंय?"

मी काही बोलले नाही. समुपदेशकाला अशा वेळी बोलायचा मोह होतो, आणि तेव्हाच तोंड मिटून बसावं लागतं. उत्तर तिच्या तोंडाशी आलेलं होतं. ते मी दिलं असतं तर माझं झालं असतं.

"मीच त्या आवाजाची राखण करायलेय," ती शेवटी म्हणाली.

राखण हा शब्द तिचा. तिच्या माहेरी ज्वारी होते. हुरडा भरला की मचाणावर गोफण घेऊन बसणारा माणूस पाखराचा पंख हलला तरी मान वळवतो. बांधावरून जाणाऱ्याला तीच पाखरं ऐकूसुद्धा येत नाहीत. दोघांचे कान सारखेच, पण एकाला राखण नेमलेली असते. इतक्या वर्षांत मी हे कितीतरी जणांना समजावलंय, पण तिच्याइतकं नेमकं मला सांगता आलं नव्हतं. ती भेट माझ्या कामातल्या फार समाधानाच्या भेटींपैकी एक आहे.

आता मला तिच्या 'च'कडे वळता आलं. मी ज्या विचारधारेनं काम करते ती अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५५च्या सुमारास मांडायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की घटना आपल्याला चटका देते, पण आग पेटती राहते ती घटनेवर आपण लादलेल्या हट्टामुळे. मराठीत तो हट्ट एका अक्षरात सापडतो. 'ऑफिसात शांतता हवी' ही इच्छा झाली, कुणालाही असावी अशी. 'शांतता असायलाच हवी, काकांना न सांगता कळायलाच हवं' हा हुकूम झाला, आणि काकांना त्याचा पत्ताच नव्हता. दोन वर्षं रोज साडेअकराला हुकूम मोडला जात होता आणि शुभांगी त्याचा अर्थ लावत होती, की या माणसाला माझी किंमत नाही. गंजगोलाईच्या गलक्यात हा अर्थ नव्हता. भजनात तर नव्हताच.

"पण मला सहनच होत नाही, हे तर खरं आहे ना?"

"दोन वर्षं काय केलंत?"

ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "सहन केलं."

"त्रास झाला, पुष्कळ झाला. त्याला त्रासच म्हणू या. असह्य म्हटलं की शरीर पळायच्या किंवा मारायच्या तयारीला लागतं."

तिनं वहीत लिहून घेतलं, 'अवघड आहे, पण मी करत आले आहे.' साडेअकराला खांदे वर गेले की तिनं जबडा सैल सोडायचा, श्वास लांब सोडायचा आणि हे वाक्य मनात म्हणायचं, एवढाच सराव ठरला. आवाज मुद्दाम लावून ऐकत बसायला मी सांगितलं नाही. काही जण स्वतःहून तसं करतात आणि त्यांची चीड आणखी घट्ट होते.

पण नुसतं मनातलं बदलून भागत नाही. सहनशीलतेचे धडे देऊन माणसाला परत त्याच खुर्चीवर बसवणं मला पटत नाही. ग्लास आणि सिंगर या अमेरिकन संशोधकांनी १९७०च्या आसपास केलेले प्रयोग मी नेहमी सांगते. लोकांना मध्येच कर्कश आवाज ऐकवत कामाला बसवलं. काहींना एक बटण दिलं: फारच झालं तर दाबा, आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. आवाज सगळ्यांनी जवळपास सारखाच सोसला, पण बटण हाताशी असलेल्यांनी नंतरचं मुद्रितशोधनाचं काम जास्त चांगलं केलं आणि अवघड कोडी लवकर सोडून दिली नाहीत. आपल्या हातात काहीतरी आहे, एवढ्या जाणिवेनं आवाजाचा भार उतरतो. शुभांगीकडे असं बटण नव्हतं, कारण तिनं ते मागितलंच नव्हतं.

म्हणून आम्ही मागण्याची तालीम केली. पहिला प्रयत्न होता, "काका, जरा दुसऱ्यांचा विचार करत जा." दुसऱ्यात 'मॅनर्स' आलं. पाचव्या-सहाव्या वेळी वाक्य जमलं. वेळ ठरली जेवणानंतरची, शेंगा चालू असतानाची नाही. रागाच्या भरात केलेली विनंती समोरच्याला भांडण वाटते.

"काका, मला रोकड जुळवताना बारीक आवाजाचा लई त्रास होतो. तुमची चूक नाही. शेंगा खायच्या आधी मला एकदा सांगाल का? मी तेवढ्यात उठून पाणी पिऊन येईन."

काका बघतच राहिले म्हणे. "मंग दोन वर्षं गप कशाला बसलीस? सांगायचं की!" एवढं बोलले आणि पुढचे दोन दिवस तिच्याशी बोललेच नाहीत. शुभांगीनं घाबरून मला फोन केला. "वाईट वाटलंय त्यांना. मी चुकले का?" मी म्हटलं, त्यांना वाईट वाटणं वेगळं आणि तुमचं चुकणं वेगळं. दोन दिवस जाऊ द्या. तिसऱ्या दिवशी साडेअकराला आवाज आला, "शुभांगी, खायलो बरं का गं." ती उठली, पाणी पिऊन आली. दुसऱ्या आठवड्यात उठायचीही गरज वाटेना. सांगून येणाऱ्या आवाजाची राखण करावी लागत नाही.

काका मधूनमधून विसरतात, हेही सांगायला हवं. ज्यांच्याकडे असे काका नाहीत, विनंती केल्यावर मुद्दाम जास्त आवाज करणारा माणूस आहे, त्यांनी वरिष्ठांकडे जागा बदलून मागावी. त्यात कमीपणा नाही. तोंड दिसणार नाही असं टेबल वळवलं तरी फरक पडतो. फोनवर बोलणाऱ्यांचा त्रास होणाऱ्यांनी स्वतःला दोष देऊ नये. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं, की दोघांचं पूर्ण संभाषण ऐकण्यापेक्षा फोनवरची एकच बाजू ऐकताना लक्ष जास्त विचलित होतं, कारण पुढचा शब्द काय येईल याचा अंदाजच बांधता येत नाही. तेव्हा आकडेमोडीचं काम फोन कमी असतात त्या तासात उरकावं. पूर्ण शांततेच्या मागे लागू नये, शांततेत टाचणी पडली तरी ऐकू येते. पंख्यासारखा एकसुरी हळू आवाज सोबतीला बरा. कानात बोळे घालायचे तर अवघड कामाच्या अर्ध्या-पाऊण तासापुरते घालावेत. दिवसभर घातले तर कान आणखी हळवे होतात, आणि ही चूक मी फार जणांना करताना बघते.

घरच्यांसोबत एका ताटाला बसणं बंद झालं असेल, हात उगारला जात असेल, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर समुपदेशनावर न थांबता मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तिथं मराठीत बोलता येतं.

शुभांगीची शेवटची भेट दिवाळीच्या आधी झाली. ती सांगत होती, एका संध्याकाळी निघताना काकांच्या टेबलाखालच्या डब्यात टरफलं दिसली. काका त्या दिवशी सांगायचे विसरले होते. त्यांनी शेंगा कधी खाल्ल्या ते तिला कळलंच नव्हतं.

"त्या दिवशी रोकड जुळली का?" मी विचारलं.

"नाही ना. बावीस रुपये कमी आले," ती म्हणाली. "पण ते माझ्याच बेरजेत चुकलं होतं."