क्लेमोर नेमकी कोणती?

'बास्केट हिल्ट' म्हणजे हाताभोवती लोखंडी जाळी असलेल्या मुठीच्या तलवारीला 'टोपलीमूठ' म्हणावं का, आणि स्कॉटलंडची 'क्लेमोर' तलवार ती हीच का, असा प्रश्न आला आहे. चित्रांत क्लेमोर म्हणून दोन्ही हातांनी पेलायची लांबलचक तलवार दाखवतात, त्यामुळे गोंधळ होतो.

दोन्ही तलवारींना ते नाव आहे. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत 'क्लाइव' म्हणजे तलवार आणि 'मोर' म्हणजे मोठी. सोळाव्या शतकातली दुहाती तलवार मोठी होतीच. अठराव्या शतकात मात्र हेच नाव एका हाताच्या, रुंद पात्याच्या, जाळीदार मुठीच्या तलवारीला चिकटलेलं दिसतं. १७७३ साली स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या हेब्रिडीज बेटांवर फिरणाऱ्या जेम्स बॉझवेल या स्कॉटिश लेखकाला हे खटकलं होतं. हिला मोठी म्हणतात, पण जुनीपेक्षा ही कितीतरी लहान, असं त्याने नोंदवून ठेवलं आहे.

'टोपली' मला पटत नाही. टोपली म्हटलं की उघडं तोंड आणि आतली भाजी डोळ्यांपुढे येते. इथे लोखंडी पट्ट्यांचा पिंजराच आहे. त्यात हात घातला की मनगटापुढचं सगळं झाकलं जातं. आत चामड्याचं अस्तर, त्यावर बऱ्याचदा लाल कापड. लोखंडी हातमोजे मागे पडले, तेव्हा बोटं शाबूत ठेवायचं काम या मुठीवर आलं. म्हणून सरळ 'जाळीदार मुठीची तलवार' म्हणावं.

हायलँड म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातले लढवय्ये जवळून बंदुकीची एक फैर झाडत, बंदूक तिथेच टाकत आणि डाव्या हातात गोल ढाल घेऊन तलवारीनिशी शत्रूवर तुटून पडत. राजाविरुद्धच्या बंडांत १६८९ ला किलीक्रँकीत आणि १७४५ ला प्रेस्टनपॅन्सला या हल्ल्याने सरकारी फौज उधळली. १६ एप्रिल १७४६ ला कलोडनच्या दलदलीच्या माळावर मात्र तोफा आणि संगिनींपुढे तो मोडून पडला. हायलँडरांना शस्त्रबंदी झाली, तरी ब्रिटिश सैन्यातल्या स्कॉटिश पलटणींनी ही तलवार जपली. त्यांचे अधिकारी संचलनात ती आजही बाळगतात.

आणखी एक गंमत वाटते. यातल्या कितीतरी तलवारींची पाती जर्मनीतून यायची आणि मुठी स्कॉटलंडातल्या स्टर्लिंग-ग्लासगोचे कारागीर चढवायचे. आपल्याकडेही युरोपातून आलेल्या पात्यावर इथली मूठ बसवत. त्यांनी नाव ठेवलं आकारावरून, आपण पातं कुठून आलं त्यावरून: फिरंग.