इमॅक्स आपल्या सोयीने बदलायचा असेल तर तो आधी कंपाइल करावा लागतो का?

तुम्ही सांगलीत अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहात, चार जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली वापरता आणि त्यातला इमॅक्स २८.२ हा टेक्स्ट एडिटर स्वतःच्या सवयींप्रमाणे बदलून घेण्यासाठी तो सोर्स कोडपासून कंपाइल करावाच लागतो (म्हणजे मूळ कोडवरून चालणारा प्रोग्रॅम स्वतः तयार करावा लागतो), असे तुम्हाला एका मित्राने सांगितले आहे. ते खरे आहे का, असे तुम्ही विचारले आहे. ते खरे नाही. मित्राने दोन वेगळ्या कामांची गल्लत केली आहे, आणि साताऱ्यात बसून याच एडिटरवर रोजचे काम करणाऱ्या माझ्याकडूनही सुरुवातीला तीच झाली होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इमॅक्सचा गाभा सी भाषेत आहे, परंतु तो गाभा प्रामुख्याने लिस्प भाषेचा इंटरप्रिटर असून फाइलींची यादी दाखवण्यापासून मेल वाचण्यापर्यंतची बहुतेक कामे लिस्पमध्येच लिहिलेली आहेत. हा लिस्प कोड एडिटर चालू असतानाच बदलता येतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९७६च्या सुमारास एमआयटीमध्ये ज्या मूळ एडिटरवर काम केले, तो टेको नावाच्या दुसऱ्या एडिटरच्या मॅक्रोंचा संच होता आणि इमॅक्स हे नावही त्या मॅक्रोंवरूनच पडले. म्हणजे वापरणाऱ्याने बदल करणे ही इथे नंतर जोडलेली सोय नाही. रंग, फॉन्ट, कळांच्या जोडण्या, सी प्रोग्रॅममधील इंडेंटेशन यांसाठी इनिट फाइलमध्ये (इमॅक्स सुरू होताना जी वाचतो त्या फाइलीत) एक ओळ लिहावी, कर्सर तिच्या शेवटी ठेवून कंट्रोल-एक्स, कंट्रोल-ई दाबावे, आणि तो बदल त्याच क्षणी लागू होतो. मेनूतून केलेले कस्टमाइझचे बदलही याच फाइलच्या शेवटी लिहिले जातात. एकाच वहीत दोघांनी लिहिल्यासारखा तो प्रकार मला आवडत नाही, म्हणून ‘कस्टम-फाइल’ हे चल वापरून मी ते वेगळ्या फाइलीत ठेवतो. दुसऱ्याची हजार ओळींची इनिट फाइल मात्र आयती उचलू नका. ती बिघडली की कोणती ओळ कशासाठी आहे, हे तुम्हाला सांगता येणार नाही.

कंपाइल करण्याची गरज पडते ती गाभ्यातच नसलेल्या गोष्टीसाठी. जुलै २०२३ मध्ये आलेल्या इमॅक्स २९चे उदाहरण घ्या. त्यात एग्लॉट (कोड लिहिताना चुका आणि सूचना दाखवणारे) आणि यूज-पॅकेज (पॅकेजांची मांडणी सुटसुटीत करणारे) अंगभूत झाले, पण ही दोन्ही लिस्पमधील पॅकेजे असल्यामुळे ती तुमच्या २८.२वरही एल्पा या इमॅक्सच्या पॅकेज-भांडारातून बसवता येतात. ट्री-सिटर (प्रोग्रॅमची रचना ओळखणारी लायब्ररी) मात्र सी गाभ्याला जोडावे लागते, त्यामुळे २८.२मध्ये ते कोणत्याही पॅकेजने त्याच रूपात येणार नाही. तुम्हाला ट्री-सिटर हवे असेल तर कंपाइल करण्याला अर्थ आहे. नुसती काळी पार्श्वभूमी हवी असेल तर नाही. (डेबियन १३मध्ये इमॅक्स ३०.१ आहे. सगळी प्रणालीच अद्ययावत करता येत असेल तर हा खटाटोप वाचतो.)

तरीही इमॅक्स २९ कंपाइल करायचेच ठरले, तर आधी डेबियनच्या भांडारांच्या यादीतली सोर्स भांडाराची ओळ सुरू करून ‘बिल्ड-डेप’ या आज्ञेने इमॅक्ससाठी लागणाऱ्या लायब्ररी घ्याव्यात. ही यादी २८.२ची असल्याने तिच्यात ट्री-सिटरची डेव्ह (कंपाइल करताना लागणारी) लायब्ररी नसते. ती स्वतंत्रपणे बसवावी लागते. ती राहिली तर ‘कॉन्फिगर’ (यंत्रावर काय काय आहे ते तपासणारी स्क्रिप्ट) तक्रार न करता पुढे जातो आणि शेवटच्या तक्त्यात ट्री-सिटरसमोर फक्त ‘नो’ लिहून मोकळा होतो. म्हणून तो तक्ता वाचल्याशिवाय ‘मेक’ (प्रत्यक्ष कंपाइल करणारी आज्ञा) चालवू नये. त्याच तक्त्यात हार्फबझसमोर ‘येस’ आहे ना, हेही पाहावे. इमॅक्स २७पासून देवनागरीतील जोडाक्षरे आणि रफार नीट जुळवण्याचे काम हीच लायब्ररी करते, आणि आपल्याला कधीतरी मराठीत टिपणे लिहायची असतात. टर्मिनलमध्ये इमॅक्स चालवल्यास मात्र अक्षरे कशी दिसतील हे त्या टर्मिनलवर अवलंबून असते.

नेटिव्ह कंपायलेशन, म्हणजे लिस्प कोडचे थेट यंत्रभाषेत रूपांतर, २८पासून उपलब्ध आहे. त्याला लिबजीसीसीजिट ही लायब्ररी लागते आणि तिची आवृत्ती तुमच्या जीसीसी कंपायलरशी जुळावी लागते; डेबियन १२वर ती १२ आहे. सगळा लिस्प कोड आधीच नेटिव्ह करण्याचा ‘एओटी’ पर्याय चार जीबीच्या यंत्रावर देऊ नये. मी तो जुन्या डेस्कटॉपवर दिला होता. दुपारी सुरू केलेले काम संध्याकाळपर्यंत चालले होते, तेवढ्यात वळवाचा पाऊस आला आणि वीज गेली. ‘मेक’ राहिलेल्या ठिकाणाहून पुढे सुरू करतो हे खरे असले, तरी तो फाइलींच्या फक्त वेळा पाहतो. वीज जाताना अर्धवट लिहिलेली शून्य बाइटची ऑब्जेक्ट फाइल त्याला ताजी आणि पूर्ण वाटते, आणि पुढे लिंकिंगच्या वेळी भलतीच चूक दिसते. मी तासभर सी कोडमध्ये दोष शोधत बसलो होतो. अशा वेळी शून्य आकाराच्या फाइली शोधून काढून टाकाव्यात, किंवा सरळ ‘मेक क्लीन’ करून पुन्हा सुरुवात करावी.

‘कॉन्फिगर’ करताना ‘प्रीफिक्स’ (बसवण्याची जागा) म्हणून आपल्या होम डिरेक्टरीतला एखादा फोल्डर द्यावा. मग रूटचे अधिकार लागत नाहीत, डेबियनचा २८.२ जागच्या जागी राहतो आणि नवा नको झाला तर तो फोल्डर उडवला की झाले. बसवण्यापूर्वी सोर्स कोडच्या ‘एसआरसी’ फोल्डरमधला इमॅक्स थेट चालवून पाहता येतो, आणि तेव्हा ‘क्यू’ पर्याय दिला तर इनिट फाइल वाचली जात नाही, त्यामुळे दोष कंपाइल करण्यात आहे की आपल्याच ओळींमध्ये, हे लगेच कळते. दोन्ही आवृत्त्या वापरणार असाल तर पॅकेजे मात्र सामायिक ठेवू नका, कारण २९ने बाइट-कंपाइल केलेले पॅकेज २८मध्ये चालेलच असे नाही. २९मध्ये ‘इनिट-डिरेक्टरी’ हा नवा पर्याय आहे, तो देऊन नव्या आवृत्तीसाठी वेगळा फोल्डर ठेवावा.