उसाची ट्रॉली ओढणार असशील तर

भावा, यंदाच्या गाळपाला ऊस वाहतुकीचा करार केलास, बरं झालं. पण ट्रॅक्टर किती ओढतो ते नंतर बघ, थांबतो कसा ते आधी.

शेतात वळायला डावा-उजवा ब्रेक वेगळा मारतोस ना? डांबरीवर येण्याआधी दोन्ही पेडल पट्टीनं जोडायचे. नाहीतर घाईत एकाच बाजूला ब्रेक लागतो आणि भरलेली ट्रॉली मागून रेटून ट्रॅक्टर आडवा करते.

दोनचाकी ट्रॉलीत मोळ्या रचताना वजन ॲक्सलच्या किंचित पुढं हवं. मागं गेलं तर ट्रॅक्टरला जोडलेली दांडी वर उचलते, ट्रॉली डुलते. फारच पुढं आलं तर ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग ऐकत नाही. ऊसतोड टोळीवाले घाईत असतात, त्यांच्या भरवशावर सोडू नकोस.

तुळजापूरकडच्या घाटात उतरताना न्यूट्रल नाही म्हणजे नाहीच. डिझेल वाचतं म्हणणारे भेटतील, भेटू देत. चढायला जो गिअर लागला असता तोच उतरायला, आणि तोही उतार लागायच्या आधी टाकायचा.

ट्रॉली जोडायच्या पिनला लॉक, जोडीला साखळी. मागचे रिफ्लेक्टर लोंबत्या उसानं झाकले तर कोयत्यानं छाटून घे. आणि टेप जरा हळू लाव, मागून कोण हॉर्न देतंय ते कळायला हवं.