‘होली ग्रेल’ला मराठीत काय म्हणायचं?

नाशिक

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझा अनुवाद वाचला. द्राक्षांवरच्या लेखात ‘डावणी-भुरीला दाद न देणारं, थॉम्पसनसारखं बिनबियांचं वाण हा संशोधकांचा पवित्र प्याला आहे’ असं तू लिहिलंस. डावणी-भुरी हे द्राक्षवेलीचे रोग दिंडोरीचा बागायतदार ओळखतो, पण ‘पवित्र प्याल्या’पाशी तो अडेल. मूळ शब्द ‘होली ग्रेल’ तसाच ठेवलास तर घाईत वाचणारा त्यात होळी शोधेल.

आणि मुळात तो प्याला नव्हताच. जुन्या फ्रेंचमध्ये ‘ग्राल’ म्हणजे जेवण वाढायचं पसरट ताट. १२व्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच कवी क्रेतियां द त्रोआच्या काव्यात ते आलं. येशूच्या अखेरच्या भोजनातल्या पात्राशी त्याचं नातं नंतर जुळलं आणि दंतकथेतल्या आर्थर राजाच्या सरदारांचा शोध त्याभोवती वाढत गेला. आजच्या वापरात उरलाय तो हा शोधच: पुष्कळांनी दीर्घकाळ शोधलेलं, अजून हाती न आलेलं, तरी मिळेल असा भरवसा असलेलं.

म्हणून ‘मृगजळ’ चालणार नाही. तिथे पाणी नसतंच. ‘परीस’ जवळचा, पण परीस हे साधन आहे. एक गोष्ट सापडली की पुढची शंभर कामं सोपी होणार असतील, तिथेच तो शोभतो. खोलीच्या तापमानाला आणि नेहमीच्या दाबाला चालणारा अतिवाहक, म्हणजे वीज विनारोध वाहून नेणारा पदार्थ, हा तसा परीस. ‘अमृतकुंभा’चा मोह मात्र आवर. दर १२ वर्षांनी सिंहस्थ भरणाऱ्या आपल्या जिल्ह्यात वाचकाला थेट रामकुंड दिसेल. शिवाय अमृत मंथनातून वर आलं होतं, भांडण वाटणीचं होतं. ‘अंतिम ध्येय’ फार कोरडं. त्यात शोधाची दमछाक नाही.

बऱ्याचदा नाम सोडून क्रियापदाकडे वळावं लागतं. तुझं वाक्य असं करून बघ: ‘डावणी-भुरीला दाद न देणारं, तरी थॉम्पसनसारखं बिनबियांचं वाण मिळावं, हा संशोधकांचा जुना ध्यास आहे, ते अजून हाती लागलेलं नाही.’ पानावरचे तेलकट डाग पाहून पावसातही फवारणीला धावणाऱ्याला हे लगेच पोचेल.

सौंदर्यप्रसाधनांच्या मजकुरात हाच शब्द उलटा वापरतात: शोधून झालेलं, पसंतीला उतरलेलं क्रीम. तिथे ध्यास नको, परीसही नको. ‘हमखास गुण येणारं’ लिही.

दुसऱ्या पानावर हा शब्द पुन्हा आलाय. तिथे ‘निर्यातीचं होली ग्रेल’ म्हणजे लेखकाला नुसती मोठी बाजारपेठ म्हणायची आहे. तेवढंच लिही आणि मजकूर परत पाठव.