अमेरिकेच्या जनमत चाचण्या वाचायला शिकताय?

घाबरू नका, आधी एवढंच बघा: किती जणांना विचारलं आणि कोणाला. हजार जणांच्या चाचणीत चूक साधारण ३ टक्के इकडे-तिकडे धरतात, पण ती प्रत्येक उमेदवाराच्या आकड्याला. दोघांमधल्या फरकाला ती जवळपास दुप्पट होते. म्हणून ४८-४६ दिसलं की 'आघाडी' म्हणू नका. नवखे हमखास इथेच फसतात. त्यातल्या शंभरेक तरुणांवरून 'तरुणाई फिरली' म्हणणं तर सोडाच, तिथे चूक १० टक्क्यांच्या घरात जाते.

'नोंदणीकृत' (यादीत नाव असलेले) आणि 'संभाव्य' (प्रत्यक्ष मत देतील असे वाटणारे) मतदारांचे आकडे एकमेकांशी ताडू नका.

देशभराचा आकडा म्हणजे निकाल नव्हे. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना सुमारे २ टक्के मतं जास्त पडली, तरी ५३८ पैकी २७० इलेक्टोरल मतं (राज्यांच्या वाट्याची, अध्यक्ष ठरवणारी मतं) गाठता आली नाहीत.

भारांकनाची (चाचणीत कमी-जास्त आलेल्या गटांचं वजन जुळवून घेण्याची) भानगड नंतर.